बुवांनी सोडलेली जागा

आमच्या ॲडम्सटाउनच्या घरात पेटी टॉवेलांच्या कपाटात राहायची. त्या कपाटाला तिकडे हॉट प्रेस म्हणतात. जिना चढून वर आलं की न्हाणीघराला लागून एक अरुंद दार, आत गरम पाण्याची टाकी आणि टाकीच्या आजूबाजूला फळ्या. दोरीवर कधीच पुरते न वाळणारे कपडे निदान तिथे तरी वाळावेत म्हणून सगळं आयर्लंड आपापल्या हॉट प्रेसमध्ये चादरी आणि टॉवेल रचून ठेवतं. आईने पहिल्या हिवाळ्यात त्यात दह्याचं भांडं ठेवलं, कारण घरात दुसरीकडे कुठेच दही लागेना. दुसऱ्या हिवाळ्यात दमट हवेने पेटीच्या तीन पट्ट्या फुगल्या आणि दाबल्या की वर येईनाशा झाल्या. तेव्हा तिने खालची फळी रिकामी केली आणि पेटीही आत नेली. दार मात्र बोटभर उघडं ठेवायचं, नाहीतर लाकूड तडकेल, अशी घरात सगळ्यांना ताकीद होती. त्यामुळे आमच्या पेटीला कपड्यांच्या साबणाचा आणि थोडासा दह्याचा वास यायचा, आणि सकाळी घाईत टॉवेल ओढताना बाबांचं कोपर भात्याला लागलं की आतून एक लांब उसासा ऐकू यायचा.

नागपूरला आई एका गाण्याच्या क्लासात बारा वर्षं साथीला बसत होती. साथ म्हणजे गाणारीने चुकावं आणि हिने ते झाकावं. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमांच्या पत्रिका तिने सामानातून जपून आणल्या होत्या. त्यांत गाणाऱ्या मुलींची नावं ठळक अक्षरांत होती आणि सगळ्यात खाली, मंडपवाल्याच्या आभारांच्या एक ओळ वर, ‘पेटी: सौ. वानखडे’ असं छापलेलं होतं. सौ. वानखडे म्हणजे नेमकी कोण हे त्यावरून कळायला वाव नव्हता. आमच्या गल्लीतच चार सौ. वानखडे होत्या. मग बाबांना डब्लिनच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आईच्या कागदांवर ‘डिपेन्डन्ट’ असा शब्द होता. शाळेच्या फाटकाशी ती ‘मुक्ताज मॅम’ होती, कारण तिकडे आईला मॅम म्हणतात, आणि बाबांच्या ऑफिसातल्या जेवणांना ‘अनिल्स वाइफ’. बाबा स्वतः तिला ‘अगं’ म्हणायचे. मंजूषा हे तिचं नाव त्या देशात महिनोन् महिने कुणाच्या तोंडी येत नसे, आणि हे माझ्या लक्षात यायला पाच वर्षं लागली.

हे प्रकरण मी लिहिते आहे ते एका छापील ओळीसाठी. सोळाव्या वर्षी मी आईचं काम माझ्या नावावर छापू दिलं. आता माझ्या डाव्या हाताची करंगळी थंडीत वळत नाही, लोक मला कार्यक्रमाला बोलावतात ते वाजवायला कमी आणि चार शब्द बोलायला जास्त, आणि त्या चार शब्दांत मी ही गोष्ट आजवर अनेकदा सांगितली आहे. पण सांगताना मी स्वतःला जरा सांभाळून घ्यायचे. इथे तसं करणार नाही.

पियानो मी शिकले जवळच्या नास गावी, मिस डेलेनींकडे. दर शनिवारी बाबा मला गाडीने सोडायचे आणि बाहेर गाडीतच बसून डुलकी काढायचे. मिस डेलेनींच्या खोलीत जळकट टोस्टचा वास असायचा आणि त्यांचा म्हातारा कुत्रा पियानोच्या पेडलांजवळ झोपायचा. त्याला पाय लागू न देता वाजवायला मी पहिल्या वर्षी शिकले आणि माझा उजवा पाय आजही थोडा तिरका पडतो तो त्यामुळेच. घरी सरावाला जुना विकत घेतलेला इलेक्ट्रिक पियानो होता. भिंती पातळ, म्हणून मी हेडफोन लावून वाजवायचे. बाहेर नुसता पट्ट्यांचा टकटक आवाज यायचा. आई म्हणायची, ही मुलगी वाजवते आहे की टाइप करते आहे? आणि सरळ हेडफोनची वायर उपसून टाकायची.

मी सोळा वर्षांची असताना नासच्या एका हौशी ऑर्केस्ट्राला त्यांच्या वसंतातल्या कार्यक्रमासाठी पियानो वाजवणारं कुणी तरुण हवं होतं, आणि मिस डेलेनींनी माझं नाव सुचवलं. वाजवायचा होता डी मेजरमधला एक कॉन्चेर्तो, म्हणजे एक पियानो आणि त्याच्याशी बोलणारा अख्खा ऑर्केस्ट्रा. रचनाकार अडीचशे वर्षांपूर्वीचा ऑस्ट्रियन माणूस. त्याचं जर्मन नाव आईच्या तोंडी बसेना. तो एका खेड्यातल्या, गाड्यांची चाकं करणाऱ्या सुताराचा मुलगा होता एवढं मी तिला सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तो सुतारबुवा झाला. मोठ्या गवयाला बुवा म्हणतात तसा. मी पुढे त्या बुवांचं संगीत जन्मभर वाजवलं, शिकवलं, त्यांच्यावर भाषणं दिली, पण मनातल्या मनात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारता आली नाही. इथेही मारत नाही.

मिस डेलेनींनी मला बुवांचं एक जाडजूड चरित्र वाचायला दिलं होतं. मी ते वाचणार नाही हे आईला ठाऊक होतं. तिने उपाय काढला. रोज संध्याकाळी ती स्वयंपाक करणार आणि मी ओट्याशी बसून दोन पानं तिला मराठीत सांगणार. बुवांचं पोरपण मी गोळाभाताच्या वासात ओळखलं. आई भिजवलेली डाळ जाडसर वाटून तिचे गोळे वळायची, ते भातावर रचायची आणि विचारायची, “मग? काय झालं पुढे?” बुवांची आई एका सरदाराकडे स्वयंपाकीण होती हे ऐकल्यावर तिचा जीव त्यांच्यावर जडला. सहा वर्षांच्या मुलाला गाणं शिकायला नातेवाइकाकडे धाडलं, तिथे खायला कमी आणि छड्या जास्त. मग शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये तो गायला लागला, पुढे आवाज फुटला, आणि त्यातच, तेव्हा मुलगेही वेणी घालत, पुढे बसलेल्या मुलाची वेणी कात्रीने कापली म्हणून हाकलला गेला.

“बाप्पा! वेणी कापली?” आई हसून हसून ओट्याला टेकली. “असाच पाहिजे. मागं बसणाऱ्यांच्या हातून असंच होते.”

वाजवताना ऐकूनही तिने बुवांना ओळखलं. डी मेजर म्हणजे पांढरी दोन, बिलावलचेच सगळे स्वर, हे तिने पहिल्या मिनिटाला सांगितलं. मग थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, “तीव्र मध्यम लागला. आता हा पंचमाच्या घरी राहायला चालला. बघ, सामान हलवून राहिला.” मिस डेलेनींनी मला हीच गोष्ट समजावण्यात तीन शनिवार आणि एक तक्ता खर्ची घातला होता. बुवा मूळ षड्जावरून निघतात, पंचमाच्या घरी जातात, तिथे भांडणतंटा होतो, आणि शेवटी तीच सगळी मंडळी घरी परत येतात. त्या काळच्या संगीताचा हा सांगाडा मला आईच्या त्या एका वाक्यात कायमचा समजला. पुढे माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आले, आणि ते त्यांच्या परीक्षेत लिहूनही येतात. बुवा मध्येच गप्प बसतात तेही आईला फार आवडायचं. सगळं जोरात चाललेलं असताना एकदम थांबायचं, ऐकणाऱ्याने श्वास धरायचा, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुढे चालू. आई तिथे दर वेळी हसायची. गंभीर चेहऱ्याने ऐकायचं असतं असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

एकदा तिने माझ्या उघड्या पुस्तकावर बोट ठेवलं. “इथे काय आहे? अर्धं वर्तुळ अन् खाली टिंब?”

“नथिंग, मॅम. इथे ऑर्केस्ट्रा थांबतो. मग पियानोवाल्याने एकट्याने स्वतःचं काहीतरी वाजवायचं. कॅडेन्झा म्हणतात. मग ट्रिल करायची, म्हणजे दोन स्वर असे भरभर हलवायचे, की ऑर्केस्ट्राला कळतं, झालं हिचं, आता आपण यायचं.”

“आणि तू काय वाजवून राहिली तिथे?”

“मिस डेलेनींनी छापील दिलीय ना एक. पाठ केली. इट्स ग्रँड.”

आईने गॅस बारीक केला. “बुवांनी तुझ्यासाठी जागा सोडली, अन् तू तिथे तिसऱ्याच माणसाला नेऊन बसवलं?”

मला राग आला. खरं म्हणजे तिचं बरोबर होतं म्हणून राग आला. “मॅम, यू कान्ट ईव्हन रीड म्युझिक,” मी म्हणाले.

“वाचता नाही येत,” ती म्हणाली, “ऐकता येते.” आणि वर टॉवेलांच्या घड्या करायला निघून गेली. बाबा पेपर वाचत होते. ते मध्ये पडले नाहीत. ते कधीच मध्ये पडत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पुढचे दोन आठवडे मी गुपचूप स्वतःची कॅडेन्झा करायचा प्रयत्न केला. जे सुचे ते कुणाचं तरी उष्टं निघे. एक दिवस शाळेतून आल्यावर मी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, जिना चढले आणि हॉट प्रेससमोर ठेवून बसले. आईने टॉवेल बाजूला केले, पेटी काढली, जिन्याच्या वरच्या गालिच्यावर मांडी घातली आणि भाता सोडला.

महिनाभर आम्ही तिथे बसलो. तिने मला पियानोला हात लावू दिला नाही. आधी गा. गळ्यातून निघत नाही ते बोटांतून काढू नको. आणि दुसरा नियम, सुताराच्या घरी लाकूड बाहेरून आणायचं नाही. बुवांनी सुरुवातीला जो छोटासा तुकडा वापरला आहे त्याच्यातूनच सगळं करायचं, कारण ते स्वतः तसंच करतात, एका ढलपीतून अख्खं कपाट उभं करतात. ती तो चार स्वरांचा तुकडा उलटा करून बघायची, अर्धा करायची, खालच्या सप्तकात न्यायची, मध्येच बुवांसारखी थांबायची आणि माझ्याकडे भुवया उंचावून बघायची. मला ती त्याआधी अशी दिसलीच नव्हती. मी तिला साथीला बसलेलीच पाहिली होती, गाणाऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावून. शेवट तिने तिहाईने केला. एकच तुकडा, ज्याला पल्ला म्हणतात, तीनदा घ्यायचा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा स्वर षड्ज, नेमका समेवर. त्याच समेवर ऑर्केस्ट्राने यायचं. हे सगळं तिने किराण्याच्या वहीत आपल्या स्वरलिपीत लिहिलं, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, चोवीस ओळी. डाव्या हाताचं मी बसवलं आणि बोटं माझी होती. बाकी सगळं तिचं.

पहिली तालीम नासच्या चर्चच्या हॉलमध्ये होती. आईने चहाची जबाबदारी आपण होऊन घेतली होती, कारण त्याशिवाय तिला आत बसायला निमित्त नव्हतं. मी कॅडेन्झा वाजवली. तिहाई संपली आणि ऑर्केस्ट्रा आलाच नाही. सगळे ट्रिलची वाट बघत राहिले. पण मग व्हायोलिनवाल्यांनी आपले गज समोरच्या स्टँडवर टकटक वाजवले, त्यांच्यात शाबासकी तशी देतात, आणि ब्रेंडन, आमचे संचालक, छडी खाली ठेवून म्हणाले, “जीझस, मुक्ता. इज दॅट युअर ओन?”

आई चहाच्या मोठ्या पिंपाशी उभी होती, पंधरा पावलांवर. मी म्हणाले, “इट इज.”

दोन शब्द. मला ते उच्चारायला किती सोपे गेले हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. खोटं बोलावं असं मी ठरवलं नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला चाळीस माणसं पहिल्यांदा मान देत होती, आणि त्यात किराण्याची वही, टॉवेल, दही, नागपूर हे सगळं आणायचं मला नको होतं. ब्रेंडननी ते लगेच कागदावर टिपून घेतलं, पत्रिकेत टाकायला. मग म्हणाले, शेवट तेवढा बदल, एक चांगली लांब ट्रिल दे, म्हणजे आम्हाला कळेल. मी मान डोलावली आणि तिहाई काढून टाकली.

चहाच्या वेळी डबल बास वाजवणारे फ्रँक आईपाशी उभे होते. फ्रँक निवृत्त पोस्टमन होते, शनिवारी गावातल्या नाचांनाही वाजवायचे. त्यांनी विचारलं, तो तीनदा आलेला शेवट काय प्रकार होता? आईने बिस्किटांचा डबा उलटा केला आणि बोटांनी वाजवून दाखवलं.

“थ्री टाइम्स सेम. लास्ट नोट, होम.”

“थ्री टाइम्स अँड यू’र होम,” फ्रँक म्हणाले आणि स्वतः डब्यावर वाजवून बघू लागले. दुसऱ्या खेपेला त्यांना सम बरोबर सापडली. “अह, दॅट्स ग्रँड, दॅट. पिटी शी’ज ड्रॉपिंग इट.”

परतताना गाडीत मी आईच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. ती म्हणाली, “ट्रिलपण चांगली वाटते.” एवढंच.

चरित्र आमचं अजून चालू होतं. कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असतील, आम्ही बुवांच्या नोकरीच्या पानांवर आलो. एका संस्थानिकाच्या पदरी त्यांना जागा मिळाली. गणवेश घालायचा, रोज मालकाच्या दालनाबाहेर उभं राहून आज काय वाजवायचं ते विचारायचं. पुढे त्या मालकाने दलदलीत एक राजवाडा बांधला आणि सगळे वादक वर्षातले कित्येक महिने तिथे, बायकापोरांपासून आणि शहरापासून लांब. तिथे कुणी बरं म्हणायला नाही की वाईट म्हणायला नाही, म्हणून बुवा मनाला येईल ते करून बघत गेले आणि कुणासारखे राहिले नाहीत. आई पोळ्या लाटत होती. ते ऐकताना तिचं लाटणं थांबलं. खिडकीबाहेर ॲडम्सटाउनची एकसारखी घरं होती. मग मी पुढचं वाक्य मराठी करून सांगितलं, आणि सांगता सांगता मला कळलं मी काय सांगते आहे. करारात लिहिलं होतं की बुवा जे काही रचतील ते मालकाचं. त्याची नक्कल कुणाला द्यायची नाही. कित्येक वर्षं ते तसंच चाललं.

“म्हणजे केलं त्याने, अन् मालक राजा?”

“हो.”

“बाप्पा.” तिने पोळी तव्यावर टाकली. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही.

“त्याला राग नसेल आला?” मी विचारलं.

“राग नाही ग येत,” आई म्हणाली. “साथीच्या माणसाला राग येत नाही. सवय होते.”

तिने मला टोमणा मारला नव्हता. ती खरोखर बुवांबद्दल बोलत होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्या संध्याकाळी मी ब्रेंडनना मेसेज लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. पत्रिका छापून झाल्या असतील, आता उगाच त्यांची पंचाईत, असं मी स्वतःला सांगितलं. पत्रिका खरोखरच छापून झाल्या होत्या, पण माझं थांबण्याचं कारण ते नव्हतं. मी भ्यायले होते.

कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला होता. बाबांनी सूट घातला होता, आईने जांभळी नारायणपेठ आणि वर जाड कोट. दाराशी एका बाईंनी तिच्या हातात पत्रिका दिली. आई इंग्रजी वाचताना ओळीखाली बोट धरायची. बोट बुवांच्या नावावरून खाली आलं. पियानो: मुक्ता वानखडे. त्याखाली, कॅडेन्झा: मुक्ता वानखडे. तिथे बोट थांबलं.

“दोनदा आलं तुझं नाव,” ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. ती त्या बाईंकडे परत गेली आणि तिने नागपूरला पाठवायला आणखी दोन पत्रिका मागून घेतल्या. ती एक शब्द टाकून बोलली असती तर मी कदाचित हट्टाने तशीच राहिले असते. त्या दोन जादा पत्रिकांनी माझी पळवाट बंद केली.

पहिला भाग मी कसा वाजवला ते मला आठवत नाही. लोक म्हणाले चांगला वाजवला. आठवतं ते ऑर्केस्ट्रा थांबला तिथपासूनचं. हॉल शांत झाला आणि मी आईच्या चोवीस ओळी सुरू केल्या. ती तिसऱ्या रांगेत कडेला होती, मला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा जांभळा पदर दिसत होता. बुवांचा तुकडा उलटा झाला, अर्धा झाला, खाली गेला. मध्येच मी थांबले, आणि तिसऱ्या रांगेतून तिचं ते ओळखीचं हसू ऐकू आलं. मग ट्रिलची जागा आली. ब्रेंडनची छडी वर गेली. माझ्या बोटांखाली ट्रिलचे दोन स्वर तयार होते आणि मी ते वाजवले नाहीत. मी तिहाई घेतली.

हे शौर्य वगैरे नव्हतं. मला एवढंच कळत होतं की शेवट जिचा आहे तिचाच वाजवायचा, मग ऑर्केस्ट्रा येवो की न येवो. पहिला पल्ला गेला. ब्रेंडनचा चेहरा पांढरा पडला होता, छडी तशीच हवेत. तिसऱ्या रांगेत आई ताठ झाली. दुसऱ्या पल्ल्याला तिचं बोट तळहातावर मात्रा मोजू लागलेलं मी बघितलं, आणि बघितलं की फ्रँकही छडीकडे बघतच नाहीत. ते आईच्या हाताकडे बघत होते. तिसरा पल्ला. षड्जावर माझी बोटं, आईचा तळहात आणि फ्रँकचा गज एकदम पडले, आणि डबल बासचा तो जाड, खरखरीत डी सगळ्या हॉलच्या फरशीतून माझ्या तिरक्या पायात चढला. बाकीचे पाव मात्रा उशिरा त्यांच्यामागून आले. पण आले.

मध्यंतरात मी घाम पुसायच्या आधी ब्रेंडनना गाठलं. ते चिडलेले होते आणि खूशही होते, दोन्ही एकदम. “दॅट वॉजन्ट व्हॉट वी रिहर्स्ड,” ते म्हणाले.

“तो माझ्या आईचा शेवट आहे,” मी इंग्रजीत सांगितलं. “सगळी कॅडेन्झाच तिची आहे. मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत तेव्हा ती मागे चहा ओतत होती.”

आई तेव्हाही चहाच ओतत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, हात मोकळे ठेवून तिला राहवत नाही म्हणून. ब्रेंडन खिशातून पेन काढून तिच्यापाशी गेले, आपल्या पत्रिकेवर माझं खालचं नाव खोडलं आणि विचारलं, नाव कसं लिहायचं?

“नो नो,” आई म्हणाली, आणि मला मराठीत, “कशाला उगाच? छापलं ते छापलं.”

“उगाच नाही. सांग त्यांना.”

तिने किटली खाली ठेवली. बाबा शेजारी उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मध्ये पडले. “सांग, मंजूषा,” ते म्हणाले.

“एम, ए, एन, जे,” तिने सुरुवात केली, एकेक अक्षर सुटं, ब्रेंडनच्या पेनाकडे लक्ष ठेवून, एका ठिकाणी त्यांनी चुकीचं लिहिलं तर ते खोडायला लावून. आडनावही तसंच. “मिसेस?” त्यांनी विचारलं. आईने क्षणभर विचार केला. “नो मिसेस,” ती म्हणाली. “ओन्ली मंजूषा वानखडे.” मग त्यांच्या हातातल्या कागदावर वाकून बुवांचं नाव वर नीट छापलं आहे ना ते बघितलं.

मध्यंतरानंतर कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याआधी ब्रेंडननी ते नाव मंचावरून वाचलं. उच्चाराची पार वाट लावली, पण पूर्ण वाचलं. सगळा हॉल मागे चहाच्या पिंपाकडे वळून टाळ्या वाजवू लागला, फ्रँक बासच्या पोटावर थापा मारत होते, आणि आई, जिने बारा वर्षं दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तीही सवयीने टाळ्या वाजवत होती. बाबांनी तिचे हात धरून खाली घेतले.

तो कॉन्चेर्तो मी पुढे पुष्कळ ठिकाणी वाजवला. पत्रिका छापायला जायच्या आधी ती एक ओळ मी स्वतः तपासते. कॅडेन्झा: मंजूषा वानखडे. तरुण वादक आता ती नक्कल मागून नेतात, आणि मी त्यांना छापील प्रतीबरोबर किराण्याच्या वहीतल्या चोवीस ओळींचाही फोटो देते, त्यांना वाचता येवो न येवो. मी मिरवते म्हणा हवं तर. अजून पोट भरलेलं नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. गाडीत आई ब्रेंडनची पत्रिका मांडीवर धरून बसली होती, बोट त्या हाताने लिहिलेल्या ओळीखाली, वाचून झालं तरी तिथेच. ती काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. रडेल, मला जवळ घेईल, माफ केलं म्हणेल. ती कोट न काढताच जिना चढली, हॉट प्रेसचं दार उघडलं आणि टॉवेल बाजूला केले.

“आता माझं नाव पडलं ना त्याच्यावर,” ती वरून म्हणाली, “मग चूकपण माझ्याच नावावर जाईल. तिसरा पल्ला घाईत घेतला तू. ये वर.”